चौथं काडतूस

ओडीलने लेलँडच्या बंदुकीच्या खालच्या नळीच्या टोकाचं झाकण तळव्याने दाबून धरलं आणि हळूहळू फिरवायला सुरुवात केली. घाई केली की आतली स्प्रिंग उसळून थेट छताला जाते, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. झाकण सुटलं. वरची नळी काढून तिने टेबलावरच्या वर्तमानपत्रावर ठेवली. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आतली चकती उचकटली आणि स्प्रिंग वीतभर बाहेर आली, तशी ती मुठीत धरून सावकाश सोडत गेली. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये लाकडाची एक खुंटी होती. सायप्रसची, बोटाएवढी जाड, वापरून वापरून तेलकट काळी झालेली. लेलँडने ती स्वतः तासली होती.

तिने खुंटी काढली, स्प्रिंग परत बसवली, चकती दाबली, नळी चढवली, झाकण आवळलं. बंदूक फडक्याने दोनदा पुसून भिंतीवरच्या तिच्या जागी टांगली. बंदुका पुसायचं काम बावीस वर्षं तिचंच होतं, त्यामुळे खिडकीतून कोणी पाहिलं असतं तरी थांबलं नसतं. खुंटी मात्र तिने कोळंबीच्या टरफलांच्या बादलीत टाकली आणि बादली मागच्या धक्क्यावर नेऊन खाडीत उपडी केली. टरफलं तरंगत राहिली. खुंटीही थोडा वेळ तरंगली, मग ओहोटीच्या ओढीने लव्हाळ्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

लेलँड ट्रोक्लेरचा कॅम्प दलदलीच्या कडेला, उंच खांबांवर उभा होता. नोव्हेंबर ते जानेवारी बदकांचा मोसम. या दिवसांत ह्यूस्टनचे, डॅलसचे लोक चार-चार दिवस राहायला येत. पहाटे लेलँड, सगळ्यांचा 'कॅप', आणि त्याचा मदतनीस आर्विस त्यांना होडीने पाण्यातल्या गवती आडोशांपर्यंत, लपणांपर्यंत नेत, फसवी बदकं पाण्यावर मांडत, शिट्टीने खरी बदकं खाली बोलावत. दुपारी सगळे झोपत. संध्याकाळी ओडीलच्या हातचं जेवण असे, आणि जेवणाबरोबर लेलँडची गोष्ट.

गोष्ट नेहमी नियमापासून सुरू व्हायची.

"तीन," तो तीन बोटं वर करून सांगायचा. "एक नळीत, दोन पोटात. बंदुकीच्या पोटात खुंटी घालायची, म्हणजे चौथ्याला जागाच राहत नाही. जानेवारी सरला की पांढऱ्या हंसांवर वाटेल तेवढी भरा, सरकार विचारत नाही. पण बदकांवर तीन. माझ्या कॅम्पात आजवर एक चलान नाही. त्या भिंतीवर काय लिहिलंय ते वाचा."

भिंतीवर एका फळीवर त्याने कोरून ठेवलं होतं: ज्याच्या नावावर चलान, त्याला इथे दुसरी रात्र नाही.

"पण या घरात एक गुन्हेगार आहे," लेलँड आवाज खाली आणायचा, आणि पाहुणे पुढे झुकायचे. "तुम्ही तिच्या हातचं खाताय."

मग तो ओडीलला हाक मारायचा. ती हातातला डाव घेऊन दाराशी यायची. ती आली नाही तर तो परत हाक मारायचा, आणखी प्रेमाने.

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. हंसांच्या शिकारीनंतर बंदुकीत खुंटी परत घालायची राहून गेली आणि दुसऱ्या आठवड्यात तीच बंदूक घेऊन ती वडिलांबरोबर बदकांवर गेली. वन्यजीव खात्याच्या माणसाने बंदूक हातात घेतली आणि एकेक काडतूस आत सारून पाहिलं. चौथं आत गेलं. त्या महिन्यात अभयारण्याच्या कचेरीत पक्षी मोजायच्या कामावर तिची निवड ठरल्यासारखी होती. चलानानंतर ती नोकरी हुकली. तिच्या वडिलांनी, म्हाताऱ्या युलिसने, एवढंच केलं होतं: डोक्यावरची टोपी काढून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, चलान माझ्या नावावर लिहा म्हणून विनवलं होतं. वसंतात ते वारले. उन्हाळ्यात तिने लेलँडशी लग्न केलं. लेलँड तेव्हा फार कमी बोलायचा, निदान तिला तसं वाटायचं.

गोष्टीत युलिस टोपी काढून थांबत नसत. पहिल्या वर्षी ते रडायला लागले. पाचव्या वर्षी त्यांनी खात्याच्या माणसाचे बूट धरले. लेलँड त्यांची फ्रेंच अशी काही बोलायचा, नाकातून, दात पडलेल्या तोंडाने, की फ्रेंचचा एक शब्द न कळणारी माणसंही टेबलावर हात आपटून हसायची. शेवटी तो ओडीलकडे वळायचा.

"किती गेली होती, ओडील?"

"चार."

"मागे ऐकू गेलं नाही."

"चार."

परवा ह्यूस्टनचे दातांचे तीन डॉक्टर, गेल्या वर्षीचेच, आले होते. लेलँड जेवताना खुर्चीवरून उतरला आणि गुडघ्यांवर बसून, हातरुमाल डोक्यावर घेऊन युलिस झाला. हे नवीन होतं. त्यांच्यातल्या सर्वांत धाकट्या डॉक्टरने फोन काढून चित्रण केलं, आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, आकडा परत एकदा सांगता का? तुमचा चेहरा अंधारात आला."

लेलँडने उठून दिवा तिच्याकडे वळवला.

टेबलावर एक माणूस हसत नसे, तो आर्विस. तीन वर्षांपूर्वीच्या वादळात त्याचं फिरतं घर पार वाहून गेलं, तेव्हापासून तो कॅम्पच्या मागच्या खोलीत राहत होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला संथ. गोष्ट सुरू झाली की तो ताटलीत बघत बसायचा, आणि संपली की कोणी न सांगता भांडी उचलून आत आणून द्यायचा. परवाही त्याने आणली. मोरीत ठेवली, नळ सोडला, आणि म्हणाला, "मिस ओडील, कोळंबीचा गंबो फार चांगला झाला होता आज." दुसरं काही नाही. ती पाठ फिरवून उभी होती. तो गेल्यावरच वळली.

खुंटी खाडीत सोडली त्याच दुपारी तिने कपडे धुवायच्या खोलीत दार लावून खात्याच्या तक्रारीच्या नंबरावर फोन केला. नाव सांगायची सक्ती नव्हती. जुन्या कालव्याच्या तोंडाशी तिसरं लपण, तिने सांगितलं, उद्या सकाळी सातला, लेलँड ट्रोक्लेरची बंदूक बघा. पलीकडच्या बाईने त्याचं नाव दोनदा विचारून घेतलं, कारण ते नाव त्या भागात कोणालाही नवीन नव्हतं. ओडीलने दोन्ही वेळा अक्षरं फोडून सांगितली.

फळीवरच्या त्या ओळीखाली लेलँड कसा उभा राहील, एवढंच तिने डोळ्यांसमोर आणलं होतं. त्यापुढचं काही नाही.

*

सकाळी तिने थर्मासमध्ये कॉफी भरली, सॉसेज घातलेल्या पावांची पुडकी बांधली. होडी गेली. उजाडल्यावर पहिले बार ऐकू आले. ती ओट्याशी कांदा चिरत मोजत होती. तीन. थोड्या वेळाने तीन आणि दोन. मग दोन-तीन बंदुकांचे एकात एक मिसळलेले, ते मोजता आले नाहीत. साडेसातला सगळं थांबलं, आणि थांबलेलंच राहिलं. या वेळी इतकी शांतता नसते. तिने कांद्यावरची सुरी बाजूला ठेवली आणि ओले हात तसेच घेऊन व्हरांड्यात आली.

नऊच्या सुमारास दोन होड्या आल्या. पुढच्या होडीत लेलँड सुकाणूवर होता, डॉक्टर एकमेकांशी एकदम बोलत होते. मागची होडी खात्याची, हिरव्या पट्ट्याची. तिच्यात अधिकारी एबेर होता आणि त्याच्यासमोर, गुडघ्यांवर हात ठेवून, आर्विस.

लेलँड धक्क्यावर उतरला, दोर बांधला, आणि वर बघून म्हणाला, "कॉफी आहे का गं? एबेरलाही दे. बिचारा पहाटेपासून थंडीत आहे."

जिना चढून सगळ्यात आधी धाकटा डॉक्टर आला. न विचारताच सांगू लागला.

"मॅडम, तुमची गोष्टच झाली. अगदी तशीच. हे साहेब आले, सगळ्यांच्या बंदुका बघितल्या. आमच्या ठीक. कॅपच्या हातातली ठीक. मग आर्विसची घेतली. एक, दोन, तीन, आणि चौथं गडप. मी बघत होतो त्याच्याकडे. एक शब्द नाही बोलला."

"कोणती बंदूक?" ओडील म्हणाली.

"म्हणजे?"

"आर्विसकडे कोणती होती?"

"ते मला काय माहीत. काळी होती."

एबेर कॉफी घ्यायला आला तेव्हा त्याच्या बगलेत, जप्तीची चिठ्ठी अडकवलेली, लेलँडची बंदूक होती. बंदुकीच्या दस्त्यावरची खाच ओडील लांबूनही ओळखत होती. एबेर अवघडला होता. आर्विसला तो शाळेपासून ओळखत होता.

"फोन आला होता," तो लेलँडला म्हणाला. "खरं सांगायचं तर फोनवर तुझं नाव होतं."

"माझं?" लेलँड हसला. "माझ्यावर जळणारे काय कमी आहेत? त्यांना बंदूक कळली, माणूस नाही कळला. आर्विसची बंदूक दोन दिवस अडकत होती, म्हणून मी आज माझी त्याला दिली आणि जुनी स्वतःला घेतली. मी दिली ती भिंतीवरून काढून सरळ. मधे त्याने काय केलं ते तो जाणे." तो आर्विसकडे वळला. "काय रे?"

आर्विस जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होता. त्याने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"ज्याच्या हातात, त्याच्या नावावर," एबेर म्हणाला, बहुतेक स्वतःलाच. "नियमच तसा आहे." त्याने कॉफी अर्धीच प्यायली आणि गेला.

ओडील दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बोलायचं असेल तर आत्ताच, हे तिला कळत होतं. तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात लेलँडने रिकामा कप तिच्या हातात दिला आणि तिच्या बोटांवरून अंगठा फिरवला, कांदा चिरताना बोटं कापली आहेत का बघावं तसा. असं त्याने कित्येक वर्षांत केलं नव्हतं. ती कप घेऊन आत गेली.

*

"ओळ मी लिहिली आहे," दुपारी लेलँड आर्विसला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "माझा सख्खा भाऊ असता तरी हेच. एक रात्र आहे तुझी. उद्या सकाळी निघ."

"हो, कॅप."

"आणि आज आमच्याबरोबर टेबलावर जेव. उपाशी किंवा चोरासारखं पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही."

त्या संध्याकाळी भाजलेलं बदक होतं आणि भात. ओडील आत, शेगडीपाशी. दार उघडं होतं. तिने तीन बोटं वर झालेली पाहिली नाहीत, पण ती झाली असणार, कारण लेलँड म्हणाला, "एक नळीत, दोन पोटात." मग तो थोडा थांबला. तिने डाव हातात घेतला. बाहेर जायच्या वेळी डाव हातात असायचाच.

"या कॅम्पात एक गुन्हेगार आहे," लेलँड म्हणाला. "तो तुमच्या शेजारी बसून जेवतोय."

हशा पिकला. लेलँडने सकाळचा सगळा प्रसंग सांगितला, एबेरचा अवघडलेला चेहरा, आर्विसचे गुडघ्यांवरचे हात. आर्विसचं संथ बोलणं तो हुबेहूब बोलत होता. त्यात त्याने आर्विसचं वाहून गेलेलं घरही आणलं, आणि घराआधी सोडून गेलेली बायकोही. वारा यायच्या आधीच तिला हवामान कळलं, म्हणाला. डॉक्टर इतके हसले की एकाला ठसका लागला.

"किती गेली, आर्विस?"

"चार, कॅप."

"मागे ऐकू गेलं नाही."

"चार."

शेगडीपाशी उभ्या ओडीलच्या ओठांनीही तो आकडा केला होता. तिने ओठ मिटले. मग तिच्या ध्यानात आलं की तिला कोणी हाक मारली नाही. ती दारातून अर्धं पाऊल मागे सरली. बाहेर गोष्ट चालूच होती आणि कितीतरी वर्षांनी ती तिची नव्हती. तिला भूक लागली. उभ्यानेच तिने एक वाडगा भात खाल्ला, मग आणखी एक, बोटांनी कडा पुसून.

भांडी आज आर्विसने आणली नाहीत. लेलँडने आणली. मोरीत ठेवून तो तिच्या मागे उभा राहिला.

"उद्या त्याला फेरीबोटीपर्यंत तू सोड," तो म्हणाला. "माझ्याबरोबर गाडीत बसायचं म्हणजे त्याला जड जाईल. तुझ्याशी त्याचं बरं आहे."

"मला स्वयंपाक आहे."

"त्याचं मी बघतो. तू जा."

*

फेरीचा धक्का तासाभराच्या अंतरावर होता. आर्विसच्या दोन पिशव्या मागे, एक बूट बाहेर डोकावणारी. समुद्राकडून वारा होता, गाडी मधेच ढकलल्यासारखी हलत होती.

"लेक चार्ल्सला माझी बहीण आहे," अर्ध्या रस्त्यात आर्विस म्हणाला. "तिचा नवरा गॅसच्या कारखान्यात आहे. लावेल कुठेतरी."

"शिकारीचा परवाना?"

"सुनावणी होईपर्यंत गेला. नंतरही कोण ठेवणार? चलानवाल्याबरोबर पाण्यात कोण उतरतं?" त्याने काचेवरची वाफ बाहीने पुसली. "मी तीनच काडतुसं मारली, मिस ओडील. तुम्हाला सांगतो. बाकी कोणाला सांगून उपयोग नाही."

"तीन?"

"एक मी काढून खिशात टाकलं होतं. पण किती मारली ते विचारत नाहीत. मावतात किती, तेवढंच बघतात."

ओडीलला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काढून टाकलं म्हणजे? तुला माहीत होतं?"

आर्विसने बाही खाली ओढली.

"लपणात काळोख होता. डॉक्टर दुसऱ्या टोकाला. कॅप आपली बंदूक भरत होता, मी बॅटरी धरली होती. एक नळीत घातलं. पोटात एक, दोन. मग तो नेहमी अंगठ्याने दाबून बघतो, तुम्हाला माहीत आहे, बंद झालं का ते. आज दाबलं तर स्प्रिंग आत गेली. त्याने आणखी एक काडतूस घेतलं आणि हळूच सारलं. गेलं." त्याने आपला अंगठा वर धरला, मग खाली घेतला. "अंगठा तसाच ठेवला त्याने पोटाच्या तोंडावर. मी म्हटलं आता शिव्या देईल. खुंटी विसरलो म्हणेल. तो काहीच बोलला नाही. बराच वेळ. मग हसला. मोठ्याने नाही. एखाद्याचं पत्र वाचून हसावं तसा. आणि बंदूक माझ्या हातात दिली. म्हणाला, तुझी अडकते, आज ही वापर."

ओडीलचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला होता. मागच्या ट्रकने भोंगा वाजवला आणि त्यांना ओलांडून गेला.

"मग तू घेतलीस का?"

"मला वाटलं, लाजला असेल. बावीस वर्षं सगळ्यांना शिकवलं आणि आपणच विसरला, हे डॉक्टरांसमोर कबूल करवत नसेल. म्हटलं, तीनच ठेवतो, तीनच मारतो, दुपारी गुपचूप खुंटी घालून देतो. त्याची लाज राहील. त्याने मला छप्पर दिलं होतं. एबेरला काय सांगणार होतो मी?"

रस्ता समुद्राच्या कडेने वळला. गॅसच्या कारखान्याची ज्वाला सकाळच्या उजेडात फिकी दिसत होती. ओडीलने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. तुझ्याशी त्याचं बरं आहे, असं लेलँड म्हणाला होता. तिला ते वाक्य आता त्याच्या आवाजात, मोरीपाशी, मानेमागे ऐकू आलं.

धक्क्यावर सहा-सात गाड्या रांगेत होत्या. फेरी पलीकडच्या काठाला होती आणि मधून एक मोठं गॅसचं जहाज चाललं होतं, ते गेल्याशिवाय ती सुटणार नव्हती. तिने गाडी बंद केली. आर्विस उतरला नाही.

"रात्रभर विचार करतोय," तो म्हणाला. "फोन कोणीतरी दुसऱ्याने केला असेल, ते असू दे. पण त्याने माझ्या हातात दिली, ती का? मी त्याचं काय वाकडं केलं होतं? तुम्ही त्याच्याजवळ इतकी वर्षं आहात. तुम्हाला माहीत असेल."

तो तिच्याकडे बघत होता. रागाने नाही. ताटलीतून डोळे वर करून बघितल्यासारखा. त्याला कारण हवं होतं, कसलंही, हातात धरून फेरीवर चढता येईल असं.

जहाज इतकं लांबलचक होतं की संपता संपत नव्हतं. ओडील त्याच्या पोलादी कुशीकडे बघत राहिली. सांगायला दोनच शब्द पुरले असते.

"ते डॉक्टर," ती म्हणाली. "तू त्यांना आपला नंबर दिलास, गिऱ्हाईक फोडतोस, असं काहीतरी म्हणत होता."

लेलँड असं काही म्हणाला नव्हता. ते तिने त्या क्षणी, जहाजाकडे बघता बघता, जुळवलं होतं. आर्विस उसळून नाही म्हणेल आणि मग आपल्यालाही पुढचं बोलावंच लागेल, असंही कुठेतरी तिला वाटलं असेल.

आर्विस नाही म्हणाला नाही. त्याची मान हळूहळू लाल होत गेली.

"एकदाच दिला," तो म्हणाला. "गेल्या वर्षी. त्यांना उन्हाळ्यात मासे धरायला यायचं होतं. कॅप उन्हाळ्यात काही करत नाही, म्हणून मी... मी त्याला विचारायला हवं होतं." त्याने दोन्ही तळवे मांड्यांवर घासले. "म्हणजे कळलं होतं त्याला. वर्षभर मनात ठेवलं आणि मी रोज त्याच्या टेबलावर जेवत होतो."

ओडीलने काच थोडी खाली केली.

"मग ठीक आहे," आर्विस म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखरच सैल झाला. "मग माझीच चूक होती. कारण नसतं तर मला फार त्रास झाला असता. त्याला सांगाल ना, माझ्या मनात काही नाही म्हणून?"

"सांगते."

"आणि तुम्हीसुद्धा, मिस ओडील. तुम्ही माझ्याशी नेहमी चांगल्या वागलात."

फेरी लागली. तो पिशव्या खांद्यांना लावून गाड्यांच्या आधी चढला आणि कठड्याशी जाऊन उभा राहिला. ओडीलने गाडी वळवून घेतली. आरशात तिने बघितलं नाही.

*

ती पोचली तेव्हा लेलँड घराखाली, खांबांच्या सावलीत, बाकावर बसून बदकं सोलत होता. पिसं वाऱ्याने जिन्याखाली जमली होती. स्वयंपाक त्याने खरंच केला होता. वरून कांदा-मिरचीचा वास येत होता.

"सोडलंस?"

"हो."

"बोलला काही?"

"तुला सांग म्हणाला. त्याच्या मनात काही नाही."

लेलँडने हातातलं बदक उलटं केलं, पंखाखालची बारीक पिसं ओढली. "चांगला माणूस होता," तो म्हणाला. मग मान वर न करता, "आणि तू? तू काय बोललीस?"

ओडील गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होती. वर व्हरांड्यात डॉक्टर कशावर तरी हसत होते.

"काही नाही," ती म्हणाली.

लेलँडने मान हलवली. तो बाकावर थोडा सरकला आणि तिला जागा केली. ती बसली. त्याने ढिगातलं एक बदक उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. ते अजून पुरतं थंडही झालं नव्हतं. तिने किल्ली खिशात टाकली आणि छातीपासून पिसं उपटायला सुरुवात केली.